टॅनर्स फेरीची पोस्टबाई

"अकरा फूट चार इंच."

डोरोथीबाईच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. हॅलो नाही, नाव-गाव नाही. अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या आमच्या व्हिलाच्या अंगणात दुपारी चार वाजता एक उंच, पांढऱ्या केसांची अमेरिकन म्हातारी हातात फोन धरून उभी होती. तिनं फोनकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळून, मी विचारल्यासारखं, मोठ्यानं सांगितलं. मी म्हटलं, "गुड." दुसरं काय म्हणणार?

घरात येऊन नातीला विचारलं, "ईशा, ही पुढची म्हातारी कसली मापं काढते गं?"

"आजी, शी इज चेकिंग हर रिव्हर."

"कसली रिव्हर? इथली गटारंसुद्धा कोरडी असतात."

"नॉट हिअर, आजी. अमेरिकेतली."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. असं वाटणारी मी एकटीच नव्हते. आमचा व्हिला भाड्यानं दोन भागांत दिलेला आहे. मागच्या भागात माझा मुलगा मिलिंद, सून, नात आणि मी. पुढच्या भागात सुझन नावाची शिक्षिका आणि तिची ही आई. अंगण दोघांत एक. त्यामुळे रोज चार वाजता अमेरिकेतल्या नदीचं पाणी मला कळू लागलं. हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे करतात, तेव्हा पाच वाजता. एक दिवस चुकला नाही. अंगात ताप असला तरी ब्लँकेट गुंडाळून बाहेर यायची आणि आकडा लिहायची.

गेल्या सप्टेंबरात ती गेली. शहाऐंशी वर्षांची होती. जायचंच वय ते, मी काही ऊर बडवला नाही. पण मला माणसांचं कौतुक लवकर वाटत नाही, आणि या बाईपुढे मी एकदा नाही, चार-पाच वेळा तोंडात बोट घालून बसले. ते कशामुळे, एवढंच सांगायचं आहे.

मी चौथी शिकले. नवऱ्यामागे अबुधाबीत आले त्याला सव्वीस वर्षं झाली. मोडकं इंग्रजी दवाखान्यात आणि दुकानांत शिकले. डोरोथीबाई माझ्याशी हळू बोलायची, आणि मला कळलं नाही तर तेच वाक्य लहान करून पुन्हा सांगायची. कंटाळायची नाही. टपालखात्यात एकतीस वर्षं काढलेली बाई ती. म्हणायची, "खिडकीवर येणाऱ्याला घाई असते, खिडकीतल्याला नसावी." इंग्रजीत अहो-जाहो नाही, म्हणून आमचं पहिल्या दिवसापासून अगं-तुगं.

तिचं गाव टॅनर्स फेरी. फेरी म्हणजे आपली तर, नदी ओलांडायची नाव. मिसिसिपीला मिळणाऱ्या एका नदीच्या काठी टॅनर नावाच्या माणसानं तर चालू केली, तरीच्या दोन्ही बाजूंना दुकानं झाली, आणि गाव झालं. मग धुराच्या बोटी आल्या. मका आणि डुकरं भरून खाली जायच्या, साखर आणि कापड घेऊन वर यायच्या. मग कुणालातरी कळलं की नदीतल्या शिंपल्यांची गुंड्या-बटणं छान होतात. गावात बटणांचा कारखाना निघाला. पुरुष नदीत शिंपले काढत, बायका बटणं पुठ्ठ्यावर शिवत. डोरोथीबाईकडे तिथला एक शिंपला होता, सात गोल भोकं पाडलेला. मी हातात घेऊन बघितला. भोकं अगदी एकमेकांना खेटून, मधली जागा काडीइतकीही नाही. आपण करंज्या कापताना पोळी वाया जाऊ नये म्हणून बघतो ना, तसं. मी तिला तसं सांगितलं. तिला करंजी माहीत नव्हती, पण मुद्दा लगेच कळला.

पुढे प्लॅस्टिकची बटणं आली, कारखाना बंद. रेल्वे दुसऱ्या गावातून गेली. मोठा पूल आठ मैल खाली बांधला, तशी तरही बंद पडली. शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिळवली.

मी म्हटलं, "मग गाव मेलंच की तुझं."

"का? चौऱ्याऐंशी घरं आहेत," ती म्हणाली, आणि सांगायला लागली. धक्क्यापासून सुरुवात. पहिलं घर कुणाचं, त्याच्या आधी कुणाचं होतं, घरात माणसं किती, कुत्रं आहे का. दुसरं घर. तिसरं. माझा चहा गार झाला. चौऱ्याऐंशी घरं तिनं एका दमात सांगितली. मी पक्की. पुढच्या आठवड्यात म्हटलं, "मला झोप लागली होती गं, परत सांग." परत तीच घरं, त्याच क्रमानं. ईशानं पहिल्या वेळी यादी लिहून ठेवली होती, तिच्यावर खुणा करायला तिला बसवलं होतं. एक घर इकडचं तिकडं झालं नाही.

"एकाहत्तरावं घर तू मागच्या वेळी ऐकलं होतंस," ती मला म्हणाली. "तेव्हा डोळे उघडे होते तुझे."

तिची एक म्हण होती: "आधी मोज, मग बोल." मी एकदा म्हटलं, "आज फार ऊन आहे." तर, "किती?" मी म्हटलं, "फार." आत गेली, बघून आली. "त्रेचाळीस. मग त्रेचाळीस म्हण. फार म्हणजे काय?" वैताग यायचा. मी कृष्णाकाठची. आमच्याकडे पुरात गुळाची काहील नावेसारखी पाण्यात सोडून माणसं पलीकडे नेतात, हे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं पहिला प्रश्न काय विचारला? "काहिलीचा व्यास किती? माणसं किती बसतात? तू कुठं बसली होतीस?" मी सांगितलं, मधे, कारण मी सात वर्षांची होते आणि रडत होते. ते तिनं वहीत लिहून घेतलं.

त्या गावच्या धक्क्यावर एक लोखंडी खांब होता, फूट-इंच रंगवलेला. रोज सकाळी सात वाजता पाणी किती ते वाचून सरकारला कळवायचं काम तिच्या आजोबांकडे होतं, मग वडिलांकडे, मग तिच्याकडे. आता ते यंत्र वाचतं आणि आकडा फोनवर दिसतो. तिथले सात म्हणजे आपले दुपारचे चार. "मशीन चांगलं वाचतं," ती म्हणायची. "पण त्याचं त्या गावात कुणी नाही."

आता साखळीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

डोरोथीबाई लहान असताना गावात टेलिफोनची एकच खोली होती आणि तिथं बसायची तिची आई. एका पुरात आईनं एकेका घराला फोन लावून सांगितलं, निघा. पाणी खोलीत आलं, घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, तरी ती खुर्चीवर उभी राहून फोन लावत होती. शेवटचं घर निघालं तेव्हा तिला काढायला कुणी उरलं नव्हतं. एक म्हातारा नाव घेऊन परत आला म्हणून वाचली. त्यानंतर गावानं ठरवलं, सगळं गाव एका बाईच्या डोक्यावर द्यायचं नाही. पाणी अठरा फुटांवर गेलं की पहिल्या घरानं दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं करत चौऱ्याऐंशीव्या घरानं पहिल्याला. पहिल्याला फोन आला की कळलं, सगळ्यांना कळलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी साखळीची तालीम व्हायची.

डोरोथीबाईच्या आधी अर्ल नावाचा म्हातारा, नंतर मार्ज नावाची विधवा. सुझन आईला अबुधाबीत घेऊन आली तेव्हा गावानं म्हटलं, तुझं नाव आता काढू. डोरोथीबाई म्हणाली, "फोन मला तिथंही येतो." आणि चार वर्षं त्या गावची साखळी आमच्या खलिफा सिटीतून जात होती. पहिल्या शनिवारी अर्ल तिकडून फोन करायचा, ही इथून मार्जला करायची. मार्ज अर्लच्या समोरच्या घरात राहते. खिडकीतून हात केला तरी दिसेल. मी पोट धरून हसले होते.

"हस," ती म्हणाली. "पण माझ्या ठिकाणी साखळी कधी तुटली नाही."

मग एकदा आमच्या इथे पहाटे फोन वाजला. चुकीचा नंबर होता, पण ती साखळीचा समजून अंधारात धावली, पडली, मनगट मोडलं. सुझन घाबरली. तिनं आईला न सांगता गावच्या कचेरीला लिहिलं: आईला साखळीतून वगळा, तालमीचे फोन तेवढे तिच्या समाधानासाठी करत राहा. गावानं मानलं. सुझनला मी दोष देत नाही. माझ्या मुलानंही हेच केलं असतं, आणि मला कळलंही नसतं.

मार्चचे दिवस होते, रमजान चालू होता. तिकडे वरच्या अंगाला बर्फ एकदम वितळलं होतं आणि त्यावर पाऊस. आदल्या दिवशी चौदा फूट होतं. त्या दिवशी चार वाजता डोरोथीबाई फोन बघून म्हणाली, "अठरा फूट दोन इंच," आणि खुर्चीत बसली. फोन मांडीवर. मी समोर मेथी निवडत होते.

पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"अर्ल उशीर करत नाही," ती म्हणाली.

तिनं अर्लला लावला. तो दुसरीकडे बोलत होता. मग मार्जला लावला. डोरोथीबाईला कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा. सगळे शब्द मला तेव्हा कळले नाहीत, नंतर खोदून खोदून विचारून घेतले. मार्ज म्हणाली, "अर्लनं मला अर्ध्या तासापूर्वीच सांगितलं. डोरोथी, तुला माहीत नाही? अगं, सुझननं तुझं नाव काढायला सांगितलं. आम्हाला वाटलं, तुला विचारून."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आता ही रडणार किंवा चिडणार. चार वर्षं जी जागा धरून बसली होती, ती कधीच गेली होती आणि गावानं तिला खेळवलं होतं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "कार्लला कुणी फोन केला?"

"कार्ल? तो यादीत कुठं आहे?"

डोरोथीबाईचा चेहरा तेव्हा उतरला. स्वतःचं ऐकून नाही, हे ऐकून.

कार्ल कोण, हे तिनं मला त्या क्षणी दोन वाक्यांत सांगितलं. गावाला पुरापासून वाचवायला मातीचा बांध आहे. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला, खांबांवर उभारलेलं एकच घर आहे, कार्लचं. गावाच्या हद्दीत नाही म्हणून यादीत नाही. शिवाय त्याचं गावात कुणाशी पटत नाही. तो कुणाचा फोन उचलत नाही. फक्त दोनदा वाजून थांबला आणि पुन्हा वाजला तर उचलतो, कारण तो डोरोथीबाईचा असतो. इतकी वर्षं ती साखळीत मार्जला फोन करायची आणि मग, कुणाला न सांगता, कार्लला. तिचं नाव काढलं तेव्हा कार्लही वगळला गेला, आणि काढणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हतं.

तिनं कार्लला लावला. फोन वाजलाच नाही. तार तुटली होती.

"त्याची पायरी वीस फुटांवर आहे," ती म्हणाली. "घरातली जमीन बावीसला. शांता, हा घे." तिचा दुसरा फोन, ज्यावर नदी दिसते, तो माझ्या हातात दिला आणि पेन्सिल दिली. "दर पाव तासानं नवा आकडा येईल. लिही आणि मला मोठ्यानं सांग."

मेथीची जुडी बाजूला सारून मी सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या कागदामागे लिहायला लागले. मराठी आकड्यांत, दुसरे मला पटकन येत नाहीत. १८-५. १८-९.

गावातली अग्निशमनची माणसं वरच्या अंगाला बांधावर वाळूच्या पोत्यांशी झुंजत होती, तिकडे फोन लागेना. मग तिनं लॉरेनला लावला. लॉरेन साठीची बाई, मासे तळून विकायचं दुकान आहे, आणि सपाट तळाची बोट आहे.

"कार्लसाठी?" लॉरेन ओरडली. "डोरोथी, त्यानं माझ्या भावाला बंदूक दाखवली होती!"

"त्याचा स्वभाव मला सांगू नकोस. तुझ्या बोटीत पेट्रोल किती आहे ते सांग."

 "पाऊण टाकी."

"पुरे. भावाला घे बरोबर."

"भाऊ यायचा नाही."

"फोन दे त्याला." भाऊ आला. "रे," डोरोथीबाई त्याला म्हणाली, "तू सहावीत नापास झालास ते पत्र मी तुझ्या बापाच्या पेटीत दोन दिवस उशिरा टाकलं होतं. बोटीत बस."

तो बसला.

आणि मग दीड-दोन तास जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं नसतं तर मानलं नसतं. इथं खलिफा सिटीत अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शहाऐंशीला टेकलेली बाई, डोळे मिटलेले, समोर नकाशा नाही, कागद नाही. आणि सात हजार मैलांवरच्या पाण्यात ती बोट चालवत होती.

"धान्याच्या कोठाराजवळून बोट टाकू नका, तिथं मोरीतून ओढ असते. वर स्मशानाकडे जा. तिथं बांध उंच जमिनीला मिळतो. बटणाच्या कारखान्याची मागची भिंत उभी आहे ना अजून? तिच्या आडोशाला पाणी संथ असतं. तिथून टाका. शांता, किती?"

"एकोणीस."

"एकोणीस. लॉरेन, आता पुढे डावीकडे झाडांची रांग दिसेल. रांगेच्या आत राहा. तिसऱ्या झाडानंतर तारेचं कुंपण आहे. ते दिसणार नाही, एक फूट खाली आहे. मोटर वर घ्या, वल्ह्यानं जा."

फोनमधून रे ओरडला, "तार लागली! वल्ह्याला लागली!"

"मोटर वर आहे ना?"

"आहे."

"मग ओरडू नकोस."

शेजारच्या मशिदीतून सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली. रस्त्यावरची वर्दळ एकदम थांबली, लोक खजूर तोंडात टाकायला घरोघरी गेले. डोरोथीबाईनं डोळे उघडले नाहीत. मी आकडे सांगत होते. एकोणीस फूट सात. एकोणीस दहा.  मी कार्लला बघितलेला नाही, आणि ऐकलं त्यावरून बघायची इच्छाही नव्हती. पण त्या वेळी कुणी मला विचारलं असतं की तुला काय हवंय, तर मी म्हटलं असतं, त्या खडूस माणसाचा आवाज.

तो आला. लांबून, पाण्याच्या आवाजातून. "कुणी सांगितलं तुम्हाला इथं यायला?"

लॉरेन म्हणाली, "पोस्टानं."

 मग लाकडाचा धप आवाज, बोट हलल्याचा, आणि एक कुत्रं भुंकलं. डोरोथीबाईनं डोळे उघडले. "कुत्रं लहान आहे," ती मला म्हणाली. "चालेल."

सुझन रात्री घरी आली तेव्हा तिला सगळं कळलं. ती आईच्या पायाशी बसून रडायला लागली. मी उठून जाणार होते, पण डोरोथीबाईनं हातानं बसवलं.

"तुझी चूक नाही," ती सुझनला म्हणाली. "तू एक म्हातारी काढलीस. तिच्या मागे अजून एक माणूस लटकलेला आहे, हे तुला कुणी सांगितलं होतं? मी नाही सांगितलं. आईनं एकटीनं गाव पेललं म्हणून ही साखळी केली. आणि मी तिच्यात बसून एक माणूस एकटीच्या डोक्यात ठेवला. मला ते आवडत होतं. चूक ती."

"मला ते आवडत होतं" हे माणसं सांगत नाहीत. मी माझ्या सुनेला अजून पुरणाचं प्रमाण नीट सांगितलेलं नाही, आणि का, ते मला चांगलं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी गावच्या कचेरीतल्या बाईचा फोन आला. फार ओशाळली होती. म्हणाली, तुमचं नाव पुन्हा घालतो, उद्याच घालतो. मला वाटलं, आता हिचं मन निवेल. तर डोरोथीबाई म्हणाली, "नको. मला तीन आठवडे द्या. मी एक कागद पाठवते."

तीन आठवडे ती लिहीत होती. मोडून सांधलेल्या मनगटानं, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. जे फक्त तिला माहीत होतं ते सगळं. मला काही काही वाचून दाखवायची.

हेलनच्या घरी मागचं दार ठोठवा, पुढचं फुगलं आहे, उघडत नाही.

रॉय बायकोची पर्स घेतल्याशिवाय घर सोडत नाही. बायको वारली आहे. पर्स फ्रीजवर असते. आधी पर्स हातात द्या, मग बोला.

मार्ज "हो हो" म्हणते आणि निघत नाही. तिच्या गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

कोण कुणाच्या हातून मदत घेणार नाही, कुणाला आकडा सांगायचा आणि कुणाला नुसतं "चल" म्हणायचं, कुणाची किल्ली कुठल्या कुंडीखाली. चौऱ्याऐंशी घरं. मी म्हटलं, "अगं, हे सगळं देऊन टाकलंस तर तुझ्याकडे काय उरलं?"

"पत्र पोचवल्यावर पोस्टमनकडे काय उरतं?" ती म्हणाली. "घरी जातो."

शेवटच्या पानावर तिनं लिहिलं होतं, माझ्या जागी कार्लला घाला. अर्लनं त्याला दोनदा वाजवून, थांबून पुन्हा फोन करावा, त्यानं मार्जला.

कचेरीतल्या बाईचा लगेच फोन. "डोरोथी, बाकी सगळं सोन्यासारखं आहे. पण कार्लला कसं घालणार? तो गावाच्या हद्दीबाहेर राहतो."

"हो का?" डोरोथीबाई म्हणाली. "आणि खलिफा सिटी कधीपासून तुमच्या हद्दीत आली?"

मी हे वाक्य आधी समजून घेतलं आणि मग एवढ्यानं हसले की आतून ईशा "आजी, वॉट हॅपन्ड?" करत धावत आली. तिकडे ती कचेरीतली बाईही हसत होती. हसता हसता तिनं नाव लिहून घेतलं.

कार्लला विचारायची हिंमत मात्र कुणाची नव्हती. डोरोथीबाईनं त्याला पत्र पाठवलं, टपालानं. चार ओळी. "मी म्हातारी झाले. माझी जागा रिकामी आहे. मार्जला फोन करायला कुणी नाही. तिचं कसं असतं ते खाली लिहिलं आहे." पत्राला उत्तर आलं नाही. आलं असतं तर आश्चर्य.

पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार आला. तालमीचा दिवस. चार वाजता आम्ही दोघी अंगणात बसलो. आता तिला फोन येणार नव्हता आणि तिला कुणाला करायचा नव्हता. ती हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. असं बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. कार्ल फोन करेल असं मला अजिबात वाटत नव्हतं. मी ते बोलूनही दाखवलं.

"बघू," ती म्हणाली.

साडेचारला मार्जचा फोन आला. भयंकर चिडलेली.

"डोरोथी, त्या माणसाला तू काय लिहिलंस? त्याचा फोन आला. म्हणतो, 'मार्ज, मी कार्ल. निघ.' मी म्हटलं, हो हो. तर फोन ठेवेचना! मी म्हटलं, अरे बाबा, ही तालीम आहे, बाहेर ऊन पडलंय. म्हणतो, 'मला गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवायचा नाही असं सांगितलंय.' दहा मिनिटं! शेवटी झोपायच्या कपड्यांत बाहेर गेले मी. सगळी आळी बघत होती. अर्ल खिडकीत उभा राहून हसत होता."

डोरोथीबाई पुढे वाकली.

"आणि गाडी?" तिनं विचारलं. "पहिल्या झटक्यात सुरू झाली का?"

"नाही. तिसऱ्या."

"मग बॅटरी बदलून घे," डोरोथीबाई म्हणाली. "आणि कार्लला सांग, बॅटरी बदललीस म्हणून. तो विचारेल."